लाल चिंधीची दुसरी गाठ

आई, काल मी हुडको कॉलनीतल्या घरातली तुझी पत्र्याची पेटी रिकामी केली. तू गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. जुने सेल, ट्यूबलाइट, बंद पडलेले रेडिओ, विषारी औषधांच्या बाटल्या वेगळ्या जमा करणारी माणसं आता आपल्याकडेही आहेत. तू म्हणायचीस ना, "याची जागा सापडेपर्यंत हे आपल्यापाशीच राहीन. जागा नाही म्हणून नालीत टाकाचं काय?" घे बाई, सापडली एकदाची जागा.

कारखान्याच्या सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये असताना बाबांनी एकदा जेवता जेवता सांगितलं होतं, की प्लांटमध्ये मशीन बंद करून दुरुस्ती चालू असली की स्विचला लाल पट्टी बांधतात, आणि ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची, साहेब आला तरी हात लावायचा नाही. तू पोळी लाटायची थांबलीस. दुसऱ्या दिवशी जुन्या लाल परकराच्या चिंध्या फाडल्यास आणि मोरीच्या ॲसिडची बाटली, ढेकणाचं औषध, फुटलेल्या थर्मामीटरचा पारा ठेवलेली शिशी, सगळ्यांच्या गळ्यात एकेक बांधलीस. बाबा हसले, "अवं, नावं लिहून चिकटव ना!" तू म्हणालीस, "कोणत्या अक्षरात लिहू? या लायनीत पाच घरं, पाच भाषा. अन् मले तर एकही वाचता येत नाही." माझ्या मैत्रिणी चिडवायच्या, तुमच्या घरी बाटल्याही वेण्या घालतात काय? मले तेव्हा लाज वाटायची. आज सांगते, असली हुशारी मी पुढे शिकलेल्यांतही फार थोडी पाहिली.

मग तो शाळेतल्या कवायतीचा दिवस. लाल रिबीन पाहिजेच होती आणि माझी हरवलेली. दुपारी परत आले तर तू मागच्या अंगणात नळाखाली पाय धरून बसलेली, आणि शेजारची तेलुगू अम्मा पोरीला छातीशी धरून रडून राहिली. चार वर्षांची ती पोर आपल्याकडे खेळायला आली होती. शरबताची बाटली समजून तिनं ॲसिड तोंडाला लावायला उचललं, तू झडप घालून हिसकावलंस आणि ते सगळं तुझ्या पायावर सांडलं. पोरीच्या अंगावर थेंबही नाही. तुझ्या पायाची कातडी मात्र पांढरी पडली होती. अम्मा सारखी विचारत होती, "दीदी, इसमें लाल कपड़ा क्यों नहीं था?" तू दात आवळून म्हणालीस, "गाठ माहीच ढिली पडली असन."

त्या दिवसापासून तू प्रत्येक चिंधीला दोन गाठी मारायला लागलीस, आणि ॲसिड शरबताच्या बाटलीत कधीच ओतलं नाहीस. महिन्याभरात अम्मानं बांधल्या, मग पंजाबी काकूंनी, मग पूर्ण लायनीनं. एकही अक्षर न लिहिता तू सगळ्यांना वाचायला शिकवलंस, आई! तुझ्या पायावरचा तो डाग पाहून लोक हळहळायचे आणि तू म्हणायचीस, "पोर वाचली ना, मंग झालं तर!" मले त्या डागाचा केवढा अभिमान होता, आणि त्याच्याकडे पाहवतही नसे.

काल जमा करणारी मुलगी पेटीतल्या बाटल्यांच्या चिंध्या कापायला कैची घेऊन आली. "आंटी, काट दूँ?" माझ्या तोंडून निघालं, "नहीं, जिसने बाँधा वही खोलेगा." ती म्हणाली, "तो बुला लीजिए ना उनको." मी खाली बसले आणि एकेक गाठ सोडत गेले. पहिली पटकन सुटायची. दुसरीला नखं लागायची.

कवायतीच्या दिवशीची रिबीन म्हणजे तुझीच चिंधी होती, आई. शाळेला जाताना मीच ती ॲसिडच्या बाटलीवरून सोडून वेणीत बांधली. अंगणात तुले तसं पाहून मी ती ओढून दप्तरात कोंबली आणि तोंडातून शब्द काढला नाही. तू जन्मभर स्वतःच्या गाठीलाच दोष देत राहिलीस.

आता हे पत्र कोणाले पाठवू? रिकाम्या पेटीत ठेवून वर लाल चिंधी बांधली आहे. गाठ एकच मारली.