सोडवलेली तार

आई, तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही ते आज लिहायला घेतलं आहे. अंबडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तू टीव्हीच्या अँटेनाला जोडायच्या बूस्टरसाठी कॉइल गुंडाळायचीस. शाळा सुटली की मी तिथेच येऊन बसायचे. केसाएवढी तांब्याची तार, शेंगदाण्याएवढा गाभा, आणि तू ओठ न हलवता वेढे मोजते आहेस. मी काही विचारलं की एक बोट वर करतेस, थांब म्हणून. तेव्हा सिडकोतल्या गच्चीगच्चीवर अँटेना होते. मालाला एवढा उठाव की दिवाळीच्या तोंडावर शेठ तुम्हा बायकांना रविवारीही बोलवायचे.

मग केबल आली, तिच्यामागून डिशच्या छत्र्या आणि डिजिटल बॉक्स. तोवर मी कॉलेज रोडच्या शोरूममध्ये लागले होते. आमच्याकडे नुसती झुंबड. द्राक्षं उतरली की दिंडोरीची माणसं अख्खं घर घेऊन यायची, जुना टीव्ही देऊन सपाट पडद्याचा न्यायची. त्याच दिवसांत तुमची शेड बंद पडली. तू घरी टीव्हीसमोर बसायचीस, पण बघायची नाहीस. मांडीवर तुझी बोटं हवेतच वेढे घालत असायची.

एक दिवस मी म्हणाले, "आई, शेठनी काम पुन्हा सुरू केलंय. घरी करून द्या म्हणाले."

"कोण घेतं गं आता बूस्टर?"

"खेड्यापाड्यात लागतात अजून. नामपूरकडे जातो माल."

तू लगेच चष्मा पुसायला घेतलास. दर शनिवारी मी डबाभर कॉइल घेऊन निघायचे, जेवणाच्या सुट्टीत शोरूमच्या गोदामात बसून एकेक सोडवायचे आणि तीच तार रिळावर चढवून सोमवारी नवी म्हणून तुझ्यापुढे ठेवायचे. वर्षभर असं चाललं.

एका सोमवारी तू तार उजेडात धरलीस, दोन बोटांतून सरकवलीस. "ही आधी कुणीतरी गुंडाळलेली आहे."

मी म्हणाले, "शेठ जुनी तार वापरत असतील."

"असतील," म्हणालीस आणि पहिला वेढा घातलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. फक्त त्या दिवसापासून कॉइलची टोकं सैल ठेवायला लागलीस, सोडवणाऱ्याला ओढाताण होऊ नये इतकी.

पुढच्या थंडीत तू गेलीस. अजूनही काउंटरवर टीव्ही दाखवताना मी मध्येच गप्प होते. पाठीमागे कुणीतरी मनातल्या मनात मोजतंय असं वाटतं, आणि बोलले तर आकडा चुकेल म्हणून गिऱ्हाईकाला उत्तर देत नाही. माणसं विचित्र नजरेनं बघतात.

हे वहीतच राहील. पण एवढं कबूल करते, आई. हे सगळं तुझ्यासाठी करतेय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तसं नव्हतं. संध्याकाळी शोरूमच्या निळ्या गणवेशात मी घरात शिरले की तू माझ्याकडे बघायचीस, ते मला सोसत नव्हतं. मी आले की तुझी मान कामात खाली असावी, एवढंच मला हवं होतं.