वरळी नमुन्याचे तीन चाकू

मी, तुळशीदास धर्मा नाखवा, वय वर्षे त्रेसष्ट, पूर्वी गोदीत दोर सांधण्याच्या कामावर, आता घरी, राहणार वरळी कोळीवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी मंजुळा हिचे मत वेगळे आहे, परंतु मृत्युपत्रात पत्नीचे मत घेण्याची पद्धत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की दारू पाजलेली नाही. छातीत दोनदा कळ आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मामा, व्यवस्था करून ठेवा.” ती करतो आहे.

कलम १. राहते घर मंजुळाचे. तिने ते माझ्या हयातीतच ताब्यात घेतलेले आहे, फक्त कागद व्हायचा राहिला होता.

कलम २. होडीतला माझा वाटा मुलगा रामदास याला. त्याने माझा नऊ क्रमांकाचा चाकू रंगाचा डबा उघडायला वापरला आणि पाते वाकवले. ही गोष्ट मी विसरलो असे त्याने समजू नये. चाकूंच्या पेटीवर त्याचा कसलाही हक्क नाही.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता. सागवानी पेटी एक, तीत खलाशांचे विलायती घडीचे चाकू, नग एकेचाळीस. बोटीवर दोर कापायला हे चाकू वापरतात. बेचाळीस वर्षे मी ते गोदीतल्या खलाशांकडून आणि भंगारवाल्यांकडून जमवले. क्रमांक एक मला १९१६ साली एका बुजुर्ग सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, दिला, कारण माझ्या हातातला चाकू पाहून त्याला माझी दया आली.

लोकांना हे सगळे सारखेच दिसतात. ते सारखे नाहीत. माझ्याकडच्या सर्वांत जुन्यांना शिंगाची मूठ आणि एकच पाते. नंतरच्यांना पाठीवर सोया आला, दोराचे पीळ उकलण्यासाठी. पुढे डबा फोडायची नखी आली, शिंग गेले आणि काळी खडबडीत मूठ आली. कमरेच्या दोरीत अडकवायची कडी तांब्याची होती, ती पहिल्या लढाईत लोखंडाची झाली. दुसऱ्या लढाईतल्यांची तर मूठसुद्धा पत्र्याची. पात्याला टोक मात्र कशालाच नाही. सारंग सांगायचा, महिनोन्महिने एका बोटीवर राहणाऱ्या माणसांच्या हातात टोकदार काही देऊ नये.

यांपैकी अकरा, सतरा आणि तेवीस यांच्या धारेवर, पुढच्या कोपऱ्यापाशी, हरभऱ्याएवढी अर्धगोल खाच आहे. तिन्हींना एकाच जागी. सुतळी अडकवून तोडण्यासाठी कारखान्याने केलेला हा बदल मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. त्याला मी ‘वरळी नमुना’ असे नाव दिले, मुलगी शैला हिच्याकडून वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि विलायतेच्या कारखान्याला पत्रही पाठवले. उत्तर आले नाही. यावरून हा बदल त्यांनाही माहीत नसावा.

पेटी शैलाला. चिठ्ठ्या तिच्या अक्षरातल्या आहेत, आणि एकविसाची कडी कशाची हे तिला पेटी न उघडता सांगता येते. अट एकच, ती पुढील कलमात.

कलम ४. भायखळ्याचा गुणाजी सखाराम मोहिते, गिरणीत फिटर, याने पेटीला हात लावू नये.

वीस वर्षे तो दर रविवारी आमच्याकडे येत असे. त्याच्यापाशी चाकू एकही नाही, पण लोखंडाची पारख त्याला माझ्याहून जास्त. हे लेखी देतो, कारण वाचले जाईल तेव्हा मी मेलेला असेन. छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला देणार नाही असे जाहीर झाले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि आमच्याकडे आलेला गुणाजी आमच्याकडेच अडकला. दोन दिवस, एक खोली, एक पेटी. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे यावर आमचे एकमत होते. त्यामुळे भांडायला खाच तेवढी उरली.

“तुळशा, ही खाच कारखान्याची न्हाय,” तो म्हणाला. “वापरून पडलीय.”

“कोणाच्या वापरून? माज्याशिवाय पेटीला हात लावनारा ह्या घरात हाय कोन?”

“वहिनीला इचार.”

माझ्या घरात बसून त्याने माझ्या घरच्या माणसावर आळ घेतला. मी म्हणालो, विचारणार नाही. सारंगाचे टोकाविषयीचे म्हणणे मला त्या दिवशी पुरते पटले. संचारबंदी उठताच गुणाजी भरले ताट टाकून गेला.

त्याला पावणेतीन वर्षे झाली. मोर्चात आम्ही दोनदा समोरासमोर आलो आणि वेगवेगळ्या दिशांना बघत एकच घोषणा दिली. छप्पनच्याच दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध झाला. त्याच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट मला तिसऱ्याच माणसाकडून कळली. ते मला फार लागले आणि अजून लागते. तरीही त्याने पेटीला हात लावू नये.

कलम ५. दोर सांधायची लाकडी मेख आणि तळहाताला बांधायचा चामडी पंजा, कोळीवाड्यातला जो कोणी नायलॉनला दोर म्हणत नसेल त्याला.

कलम ६. येथवर शनिवारी दुपारी लिहून झाले. खाच ओळखता यावी म्हणून समासात तिचे चित्र काढत होतो, तेव्हा मंजुळा चहा घेऊन आली. पुढे जे झाले ते येथे लिहिणे भाग आहे. हे कागद फाडून मी नवे घेणार नाही, कारण पहिली पाच कलमे अक्षराच्या दृष्टीने फार चांगली उतरली आहेत.

“ह्ये काय काढताव?” तिने विचारले.

“वरळी नमुन्याची खाच.”

“ती व्हय? ती माजी हाय. कालवांच्या शिंपल्या फोरताना परली.”

मी म्हणालो, तिन्हींवर?

“एकाची धार गेली का दुसरा घ्यायची. कोयता कालवाच्या तोंडान शिरत नाय. तुमचा बरोबर शिरतो.”

“अगं, मग गुणाजीशी दोन दिस भांडलो तवा बोलली का नाय?”

“तवा तुमी दोघं विलायतेच्या कारखान्याचा बोलत व्हताव. मना काय ठाव, कारखाना म्हंजे मी?”

चहा थंड झाला. त्या दोन दिवसांत बाजार बंद होता आणि मी आणि गुणाजीने दोन्ही वेळा कालवांचाच रस्सा खाल्ला होता, हेही मला तेव्हाच आठवले. ती कशाने फोडली हे मी विचारले नव्हते. तीस वर्षांत कधीच विचारले नव्हते.

कलम ७. सबब कलम चार रद्द. अकरा, सतरा व तेवीस मंजुळाला, कालवे फोडण्यासाठी. त्यांवरील चिठ्ठ्या शैलाने बदलून ‘मंजुळा नमुना’ अशा लिहाव्यात. क्रमांक एक, सारंगाचा, गुणाजीला. उरलेले सदतीस शैलाला. आणि गुणाजी, तुझे बरोबर होते, माझे चुकले. हे मला तोंडाने म्हणता येणार नाही म्हणून मृत्युपत्रात घातले. तू वाचशील तेव्हा मला तुझे तोंड बघावे लागणार नाही.

कलम ८. बघावे लागले. मंजुळाने मला न विचारता आज सकाळी शेजारच्या दत्ताराम वेसावकरांना भायखळ्याला धाडले आणि ते गुणाजीला घेऊन आले. साक्षीदार दोन लागतात, एक कमी होता, असे तिचे म्हणणे. गुणाजीने सर्व कलमे मोठ्याने वाचली. चौथे वाचताना दोनदा थांबला. सहावे वाचताना इतका हसला की मंजुळाने पाणी आणले. सातवे त्याने मोठ्याने वाचले नाही. मग त्याने पेटी पुढे ओढली. मी अडवले नाही.

दत्ताराम वकिलाकडे कारकून आहेत. ते म्हणाले, “गुणाजीराव, ज्याला काही मिळायचं असतं त्यानं साक्षीदार होऊ नये, उद्या कोर्टात भानगड होते. चाकू घ्या, नाहीतर सही करा.”

गुणाजीने क्रमांक एक उघडला, धारेवर अंगठा फिरवला, मिटला आणि जागच्या जागी ठेवला. मग दत्तारामांकडे टाक मागितला. खाली काय लिहिले ते मला दाखवत नाही. म्हणतो, आधी तू सही कर. करतो.

ठिकाण: वरळी कोळीवाडा, मुंबई, संयुक्त महाराष्ट्र राज्य. (दत्ताराम म्हणतात, असे राज्य अजून झालेले नाही. होईल. खोडणार नाही.)

तारीख: ९ नोव्हेंबर १९५८, रविवार.

सही: तुळशीदास धर्मा नाखवा

आम्हां दोघांच्या समक्ष सही केली.

साक्षीदार: दत्ताराम पांडुरंग वेसावकर, वरळी कोळीवाडा.

साक्षीदार: गुणाजी सखाराम मोहिते, भायखळा. चाकू नको, म्हणून सही केली. पेटीत सतरा नंबरच्या चिठ्ठीवर साल तेरा घातलंय, ते चूक. कडी लोखंडाची आहे, सोळाच्या आधीचा असणं शक्य नाही. यावर बोलायला पुढच्या रविवारी येतो. तोवर तुळशीदासाने मरू नये.