मोहरीचे चार दाणे

घाटंजी, पोळ्यानंतरचा मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा ॲक्युप्रेशरवाले वानखडे गुरुजी येऊन गेले. केमो सुरू झाल्यापासून माझ्या बायकोला, शोभाला, अन्न बघवत नाही, म्हणून ते तिच्या कानावर चिकटपट्टीखाली मोहरीचे चार दाणे लावतात. दिवसातून तीनदा दाबायचे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मळमळीला आधार म्हणून करा, पण आमचं औषध सोडायचं नाही." ठीक. त्याला माझी हरकत नाही.

हरकत तिच्या हसण्याला आहे. कापसाचा हंगाम नाही, जिनिंग मिल बंद, म्हणून मी फिटर माणूस दिवसभर घरात. आतल्या खोलीत शोभा खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, मले लय भेव वाटते. यायले सांगू नका." यायले म्हणजे मला.

नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग जाणार, हे मी ओळखतो. आणि बायकोची भीती मला भिंतीआडून कळावी? तीसुद्धा त्या मोहरीवाल्याला सांगितलेली?

गुरुजी गेल्यावर म्हणालो, "सांजचे दाणे मी दाबतो."

"राहू द्या जी, तुमचा हात पान्यानं बोल्ट आवळणारा."

तरी दाबले. इतके हलके, की तीच म्हणाली, "काहून भेता? दाबा ना जोरानं."

"तू भेते म्हणून," मी बोलून गेलो.

तिनं माझा हात धरला. मग माझ्या खांद्याला डोकं टेकून रडली, दुखणं आल्यापासून पहिल्यांदा. नंतर अर्धी भाकर खाल्ली.

उद्या गुरुजींना चहा पाजीन. दाणे त्यांनी खुशाल लावावेत. दाबायला मी आहे.