‘इज’ला कॅपिटल

वाटूर, ८ जून

प्रिय तृप्ती,

तुझा लेख मिळाला. माझ्या निवृत्तीच्या गौरव अंकात मुलीचा लेख हवाच, असा माजी विद्यार्थ्यांचा हट्ट होता. तू पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. इंग्रजी शीर्षक वाचून आधी हसू आलं: ‘माय फादर इज ऑलवेज राइट’. मग ‘इज’चा आय कॅपिटल दिसला आणि हसू जिरलं.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, तरी वीस तारखेच्या समारंभासाठी साडीला फॉल लावून घेतलाय.

काल पप्पू आला होता, तुझ्याच वर्गातला. जुन्या जालन्यात त्याचं डीटीपीचं दुकान आहे, अंक तोच करतोय. प्रूफ पुढे ठेवून मोठ्या अभिमानानं म्हणाला, “सर, तृप्तीनं इज कॅपिटल केल्तं. तुमच्या नियमानं मी स्मॉल करून टाकलं. बराबर ध्यानात हाय.”

तो नियम तुला आठवत असेलच. पहिला शब्द सोडला तर शीर्षकात तीन अक्षरांपर्यंतचे शब्द स्मॉल. ऑफ, इन, अँड, आणि इज. आठवीत तू एकटी उठून म्हणालीस, की इज क्रियापद आहे, लहान असलं तरी त्याला कॅपिटल लागतं. मी तुला तासभर बाकावर उभं केलं. सरांच्या मुलीला सवलत नाही, हे दाखवायची मला भारी हौस. सगळा वर्ग हसत होता.

तेव्हा तू शाळेत सर म्हणायचीस आणि घरी अप्पा. त्या दिवसापासून घरीही सर म्हणायला लागलीस. लोकांना गंमत वाटते. फोनवर “सर, गोळ्या घेतल्या का?” ऐकलं की मला पुढे जेवण जात नाही.

पप्पू गेल्यावर प्रूफ घेऊन बसलो. एक पळवाट सुचली. ‘इज’ उचलून सुरुवातीला नेलं तर प्रश्नार्थक वाक्य होतं, ‘इज माय फादर ऑलवेज राइट?’, आणि पहिला शब्द तर कॅपिटलच असतो. कुणाला काही कळलं नसतं. शेजारी आई मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, “पोरगी बराबर होती, हे तुम्हाला कधी कळलं मंग?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, तृप्ती. कपाटातलं व्याकरण उघडलं, तुझंच बरोबर होतं. पुस्तक मिटलं आणि पुढे एकवीस वर्षं जाणूनबुजून चुकीचं शिकवत राहिलो, कारण ते सुधारलं असतं तर तुझी माफी मागावी लागली असती. प्रूफवर ‘इज’ पुन्हा कॅपिटल केलंय. ‘ऑलवेज’ ठेवायचं की काढायचं, ते तू ठरव. वीस तारखेला मी भाषण करणार नाही. फळ्यावर तुझं शीर्षक लिहून हे सगळं तुझ्या वर्गातल्या पोरांसमोर सांगणार आहे. तू नसलीस तर ती नुसती व्याकरणाची दुरुस्ती होईल. मला माफी मागायची आहे. या वेळी मी उभा राहीन, तू पहिल्या बाकावर बस.

तुझाच,
अप्पा