पुण्याहून आलेलं मीठ

मंगळवार, संध्याकाळ. अंबाजोगाईचा दवाखाना.

सासूबाई आता बऱ्या आहेत. सकाळी केजला घरी उठून उभ्या राहिल्या आणि पाय लटपटून खालीच बसल्या. इथं रक्त तपासलं तर पोटॅशियम फार वाढलेलं, त्यानं हृदयाचे ठोकेही मंदावलेले. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कोणतं खातात?"

माझी धाकटी जाऊ शुभांगी, तिनं पुण्याहून आणलेलं. बीपीला चांगलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, त्या मिठात पोटॅशियम असतं, आणि यांची बीपीची गोळी ते अंगातून नीट बाहेर पडू देत नाही.

खरं लिहू? ऐकून मला आत कुठंतरी बरंच वाटलं. आता तरी शुभांगीचं कौतुक थांबेल. ते मीठ रोज भाजीत घालायचे मी, आणि सासूबाई म्हणायच्या, चव तिच्या मिठाची.

तर सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "तिला सांगू नगं. लेकराच्या जिवाला लागंल."

मी मान हलवली. तेवढ्यात शुभांगीचाच फोन आला. सासूबाई तिला म्हणाल्या, "तुज्या मिठानं लई बरं वाटतंय बग."

माझ्या हातच्या भाकरीला असं कधी म्हणाल्या नाहीत.