बारा फेब्रुवारीचे शिक्के

प्रिय ओडील,

गेल्या मंगळवारपासून अकरा वेळा फोन केला. तू उचलत नाहीस, आणि रेमंड उचलतो तेव्हा म्हणतो, "ती गोठ्यात गेलीय." अगं, तुमच्या गोठ्यातलं शेवटचं जनावर जाऊन नऊ वर्षं झाली! तुझ्या नवऱ्याला थापा मारता येत नाहीत, या वयात त्याला तालीम देऊ नकोस. शेवटी कागद घेऊन बसले. आज बुधवार, दुपारच्या टपालात टाकलं तर शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. पाकिटावरचं अक्षर बघून चुलीत टाकू नकोस, एवढीच विनंती. शेवटपर्यंत वाच आणि मग हवं ते कर.

मी राज्य सचिव झाले तेव्हा सगळ्या सेंट ओमेर गावाला वाटलं होतं की आता कोरीन राजेरजवाड्यांबरोबर जेवणार. क्लोटिल्डमावशी अजून विचारते, "चीनला जाऊन आलीस का गं?" परदेशांशी बोलणी करणारा तो वॉशिंग्टनमधला, माझं पद नावाला तेच, पण मी आपल्या एका राज्यापुरती, हे तिला मी सात वर्षं समजावतेय. तू मात्र एका वाक्यात सांगून टाकलंस, "आमची कोरीन राज्याची कारकून आहे. फक्त तिच्या खुर्चीला हात आहेत." त्या दिवशी मी रागावले होते, पण ते खरंच आहे. कंपन्यांच्या नोंदी, राज्याचा शिक्का, जुनी दप्तरं आणि निवडणुका. कुणी काय मागतंय ते मी ठरवत नाही. मागणाऱ्याचे कागद नीट आहेत की नाहीत, एवढंच मी सांगते.

तुमच्या सह्यांच्या अर्जाची खोकी आली त्या दिवशी मी खिडकीत उभी होते. रेमंडच्या गाडीतून एकेक खोकं उतरत होतं आणि माझा ऊर भरून येत होता. आपल्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद होऊ नये म्हणून सगळा जिल्हा बर्फात दारोदार फिरला होता आणि त्यांच्या पुढे तू, सदुसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधून. प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आला असता तर लोकांनी तो नक्की मंजूर केला असता, याबद्दल मला शंका नव्हती. पण खोक्यांवर तुझं अक्षर होतं, म्हणून मी त्यांना हात लावला नाही. तपासणी वेंडेलकडे दिली.

वेंडेल तुला आठवतो ना, माझ्या शपथविधीला दोन वेळा केक घेणारा? तो माणूस एकतीस वर्षं रोज सकाळी कॉफीबरोबर राज्यातल्या झाडून सगळ्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता वाचतो. मतदारयादीतून मेलेल्यांची नावं काढायची म्हणून लागलेली सवय. चौथ्या दिवशी तो एक कागद घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, हा सह्या गोळा करणारा ओनेझीम मिशो नऊ फेब्रुवारीला वारला, मी वाचलंय. आणि बारा फेब्रुवारीला नोटरीपुढे उभं राहून शपथ घेतोय. माणूस जिद्दीचा दिसतो." एरवी मी हसले असते. शपथेखाली तुझी सही होती, तुझा नोटरीचा शिक्का होता, आणि बारा तारखेला ओनेझीमची मयत होती. त्या दिवशी चर्चच्या तळघरात आलेल्या सगळ्यांसाठी तू बकव्हीटच्या पिठाचे घावन केलेस, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस.

मला माहीत आहे काय झालं असेल. म्हाताऱ्याने मरायच्या आधी शेवटचा कागद तू बसतेस त्या वाचनालयातल्या टेबलावर ठेवला असेल. मयतीहून येऊन तू तो पाहिलास आणि त्याची मेहनत वाया जाऊ नये म्हणून शिक्का मारलास. त्या कागदावर अडतीस सह्या. तेवढ्याच बाद झाल्या असत्या तर तुमचं काही बिघडलं नसतं. पण आमच्या कचेरीतून चौकशीला आलेल्या माणसाला तू कॉफी दिलीस, बसवलंस आणि सांगितलंस, "छे हो, उभं कुणालाच केलं नाही. लोक कागद ठेवून जायचे, मी संध्याकाळी सगळ्यांवर शिक्के मारायची. यातल्या निम्म्यांची दुपटी मी धुतलीत. त्यांना काय हात वर करायला लावू?" तो अहवाल मी उभ्यानेच वाचला. वेंडेलने विचारलं, "किती दिवस चाललंय हे असं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला आणि मग फाइल बांधायला लागला.

सह्या खऱ्या होत्या, माणसं खरी होती. पण सह्या गोळा करणाऱ्याने नोटरीसमोर उभं राहून "या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या" अशी शपथ घ्यायची असते, आणि ती तुमच्याकडे एकानेही घेतली नव्हती. तुझ्या शिक्क्याचे सगळे कागद गेले तर अर्ज आपटतो. मागच्या वर्षी त्या खाणवाल्यांचा अर्ज मी याच कारणासाठी फेटाळला होता. त्यांचा नोटरी म्हणे मोटारीत बसून शिक्के मारायचा. तेव्हा सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या आणि तू मला रासबेरीचा जाम पाठवलास. एक बरणी अजून फडताळात आहे. आता तीच चूक माझ्या माणसांनी केली तर मी डोळ्यांवर कातडं ओढायचं का? मी तीन दिवस स्वतःला हेच विचारत होते, आणि खरं सांगते, दोन दिवस माझं उत्तर "हो" असं होतं.

कारण मला ती गाडी विसरता येत नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मागच्या सीटवर तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आपल्याकडे तेव्हा तो विभाग नव्हता, दीड तासाचा रस्ता, वर बर्फ. तू माझा हात इतका दाबला होतास की दुसऱ्या दिवशी पेन धरता येईना. बाळ रस्त्यातच आलं आणि रस्त्यातच गेलं. रेमंड गाडी चालवतच राहिला, कारण थांबून करायचं काय, हे त्याला कळेना. त्यानंतर अकरा वर्षं तू त्या विभागासाठी भांडलीस आणि तो उघडला त्या दिवशी फीत कापायलासुद्धा गेली नाहीस. आता तुझी लेक मिरेई दुसऱ्या बाळाचा विचार करतेय, आणि डिसेंबरात विभागाला कुलूप लागेल. ते कुलूप मी लावलं, असंच तू म्हणशील. मी नाही म्हणणार नाही.

त्या मंगळवारी दहा वाजता मी तुमचा अर्ज फेटाळल्याच्या आदेशावर सही केली आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तुला फोन केला. आधी सांगायची मला परवानगी नव्हती. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आई गेल्यावर तुला मी वाढवलं, कोरीन. केस विंचरले, फ्रॉक शिवले. तुझ्यासमोर कुणी उभं राहिलं होतं का शपथ घ्यायला?" आणि फोन ठेवून दिलास. तोंडात मारल्यासारखं झालं. आता गावाकडून रोज पत्रं येतायत. आपल्या बेकरीवालीने लिहिलंय, "इथे आलात तर तुम्हाला पाव मिळणार नाही." कुणीतरी माझा शाळेतला फोटो परत पाठवलाय, बाकी काही न लिहिता. हे सगळं मी गिळेन. पण तू बोलत नाहीस ते मला सहन होत नाही. मी चोपन्न वर्षांची बाई, कचेरीतल्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते.

आता मूळ गोष्ट. ती लिहायला मला एवढी पानं लागली. तुमच्या बाजूने अपील केलंय, आणि सोमवारी कोर्टात तू साक्षीला उभी राहशील. समोरचा वकील विचारणार आहे, याआधी कधी असे शिक्के मारले होतेत का? तू माझ्यावर कितीही चिडलेली असलीस तरी "नाही" म्हणशील, मला पक्कं ठाऊक आहे. कारण याआधीचे कागद माझे होते. सात वर्षांपूर्वी मी या पदाच्या निवडणुकीला पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा उमेदवारीसाठी जमवलेल्या सह्यांचा गठ्ठा मीच तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकला. तू नुकतीच नोटरी झाली होतीस. नोटरीच्या नियमांचं पुस्तक उघडून म्हणालीस, "अगं, यांना माझ्यापुढे हात वर करायला लावायचं असतं ना?" मी तेव्हा याच कचेरीत उपसचिव होते, नियम मला तोंडपाठ होता. मी म्हटलं, "आपल्यात कसला हात, ओडील. मार शिक्के." ते तू माझ्याकडून शिकलीस. आज सकाळी मी हे सगळं गव्हर्नरांना लिहून दिलं, सोबत राजीनामा दिला, आणि या पत्राची प्रत दोन्ही बाजूंच्या वकिलांना पाठवतेय. आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून सोमवारी हात वर करशील तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. विचारलं, की माझं नाव घे.

तुझीच धाकटी,
कोरीन