ज्यात खुनी सापडतो

शनिवार, संध्याकाळ. अंबाजोगाई.

यंदाच्या मला आवडलेल्या नव्या रहस्यकादंबऱ्यांची यादी, प्रत्येकीखाली दोन ओळी लिहून, आज वाचनालयात लावली. पहिली ठेवली ती, ज्यात खुनी शेवटपर्यंत सापडत नाही. मला ते धाडसाचं वाटलं होतं. कसलं धाडस?

दुपारी शिवणकाम करणाऱ्या शकीलाबी आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भावाचा खून झाला, अजून कुणालाच अटक नाही. यादी वाचून म्हणाल्या, "मॅडम, ज्यात खुनी सापडतो ते द्या. न्हाई सापडत, ते मला ठाऊक हाय."

मी दुसरी कादंबरी दिली. त्यांनी उभ्याउभ्याच शेवटचं पान काढलं, बोट फिरवत वाचलं आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

"घरी नेत नाही?"

"न्हाई. एवढंच बघायचं होतं."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. मला साधं 'बसा' म्हणणंही सुचलं नाही.